लेकराला अमॉक्सिसिलिन पाजताना: चिठ्ठीपासून रिकाम्या बाटलीपर्यंत

माझी मुलगी सव्वा वर्षाची असताना तिचा कान फुटला. दोन रात्री रडून काढल्या, तिसऱ्या दिवशी उशीवर पिवळा डाग दिसला. डॉक्टरांनी कान तपासला, वजन केलं (नऊ किलो चारशे), आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं सिरप लिहून दिलं. पाच मिली सकाळी, पाच मिली संध्याकाळी, दहा दिवस. तिसऱ्या दिवशी बाटली संपली. मी घराजवळच्या दुसऱ्या मेडिकलमधून नवीन आणली.

"दादा, ही बाटली वेगळी दिसतेय."

"सेमच आहे ताई, कंपनी वेगळी."

रात्री पाच मिली पाजलं. सकाळी बाटली हलवताना लेबलवर नजर गेली. जुन्या बाटलीवर २२८.५ होतं, हिच्यावर ४५७. म्हणजे त्याच पाच मिलीत बरोबर दुप्पट औषध. हातपाय गार पडले. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की एका जादा डोसाने सहसा धोका होत नाही, जुलाब होतात का ते बघा, आणि ही बाटली वापरायची असेल तर आता पाचऐवजी अडीच मिली द्या. मुलगी बरी झाली. पण डॉक्टर औषध ठरवतात ते मिलिग्रॅममध्ये आणि आपण पाजतो ते मिलिलिटरमध्ये, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. घरात होणाऱ्या बहुतेक चुका या दोन मापांच्या मधल्या फटीत होतात. पहिल्यांदा अँटिबायोटिक पाजणाऱ्या आईबाबांसाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे. डोस ठरवायचं काम डॉक्टरांचंच. ठरलेला डोस बाळाच्या पोटात नीट जातो की नाही, ते बघणं आपलं.

१. आधी हे जवळ ठेवा

- बाळाचं आजचं वजन. दोन महिन्यांपूर्वीचं चालत नाही, लहान मुलांचं वजन भराभर बदलतं.
- डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिचा मोबाइलवर फोटो
- लसीकरणाचं कार्ड आणि जुनी फाइल
- सुई नसलेली पाच मिलीची सिरिंज किंवा खुणा असलेलं मापाचं झाकण
- उकळून गार केलेलं पाणी
- लेबलवर लिहायला पेन

२. हे औषध आहे तरी काय

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती पेनिसिलिन बनवायला. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं, १९७०च्या दशकात वापरात आलेलं. मूळ पेनिसिलिनपेक्षा ते जास्त प्रकारच्या जिवाणूंवर चालतं आणि तोंडाने घेतलं तरी पोटातून चांगलं शोषलं जातं. जिवाणूची बाहेरची भिंत ते नीट बांधूच देत नाही, त्यामुळे जिवाणू फुटून मरतो. विषाणूला अशी भिंतच नसते. म्हणून साध्या सर्दीवर, फ्लूवर, डेंग्यूवर आणि मुलांच्या बहुतेक घसादुखीवर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही.

काही जिवाणू अमॉक्सिसिलिन तोडणारं रसायन तयार करतात. ते थोपवण्यासाठी सोबत क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड घालतात. नोव्हामॉक्स, मॉक्स ही साधी अमॉक्सिसिलिनची नावं. ऑगमेंटिन, क्लॅव्हम, मॉक्सिकाइंड-सीव्ही यांत दोन्ही असतात. घरात बोलताना आपण सगळ्यांनाच "ते गुलाबी डब्यातलं औषध" म्हणतो. तसं करू नका. साधं की क्लॅव्हवालं, हे माहीत असायलाच हवं. पुढे साठवणीत आणि जुलाबांत हा फरक आडवा येतो.

३. दवाखान्यातून उठण्याआधी

डॉक्टरांना हे प्रश्न विचारायला संकोचू नका. माझ्या डॉक्टरांनी तर उलट खुर्ची पुढे ओढून उत्तरं दिली.

आजार जिवाणूचाच वाटतोय का? एका वेळी किती मिलिग्रॅम, आणि त्यासाठी कुठल्या ताकदीचं (म्हणजे दर पाच मिलीत किती मिलिग्रॅम औषध असलेलं) सिरप किती मिली? दिवसातून किती वेळा? किती दिवस? आराम पडला नाही तर कधी यायचं?

तुमच्या बाजूने सांगायच्या गोष्टीही आहेत. याआधी पेनिसिलिन गटातल्या किंवा दुसऱ्या कुठल्या अँटिबायोटिकने अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का? क्लॅव्हवाल्या औषधाने पूर्वी कावीळ झाली होती का? मूत्रपिंडाचा आजार आहे का? सध्या दुसरी कुठली औषधं चालू आहेत? आजीला पेनिसिलिन सोसत नव्हतं म्हणून नातवाला सोसणार नाही, असं नसतं. पण सांगून ठेवा, ठरवू दे त्यांना.

४. हिशोब एकदा पडताळून बघा

डोस बदलण्यासाठी नव्हे, चूक पकडण्यासाठी. समजा बाळ बारा किलोचं आहे आणि चिठ्ठीवर २५० मिग्रॅ प्रति ५ मिलीचं साधं अमॉक्सिसिलिन, पाच मिली दोन वेळा असं आहे. दिवसाचे झाले ५०० मिग्रॅ. भागिले बारा किलो, म्हणजे किलोमागे साधारण ४२ मिग्रॅ. मुलांमध्ये आजारानुसार हा आकडा बहुधा ४० ते ९०च्या दरम्यान असतो. न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना किलोमागे दिवसाला ८० मिग्रॅच्या आसपास, दोन वेळांत विभागून, द्यायला सांगते. म्हणजे एकाच वजनाच्या दोन मुलांना वेगवेगळ्या आजारांसाठी दुप्पट फरकाचा डोस मिळू शकतो आणि दोन्ही बरोबर असू शकतात. शेजारच्या मुलाच्या डोसाशी आपल्या बाळाचा डोस ताडून बघू नका. तुमचा आकडा या पट्ट्याच्या फार बाहेर गेला तर फोन करून विचारा. उत्तर मिळेल किंवा चूक सापडेल.

५. मेडिकलच्या काउंटरवर

अमॉक्सिसिलिन चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने परवानगी नाही. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते ती याचसाठी. "ताप आहे, काहीतरी द्या" म्हणून मिळालेली बाटली घरी आणू नका.

आता बाटली हातात घ्या आणि काउंटरवरच वाचा. सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे.

साधं अमॉक्सिसिलिन सिरप साधारणपणे १२५ आणि २५० मिग्रॅ अशा दोन ताकदींत मिळतं, दोन्ही आकडे दर पाच मिलीमागे. क्लॅव्हवालं २२८.५ मध्ये मिळतं, म्हणजे २०० अमॉक्सिसिलिन आणि २८.५ क्लॅव्ह्युलॅनिक. दुसरं ४५७, म्हणजे ४०० आणि ५७. या जास्त ताकदीच्या बाटलीवर बऱ्याचदा 'फोर्ट' किंवा 'डीएस' असं लिहिलेलं असतं, पण नावावर विसंबू नका, आकडा वाचा.

तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स तर आणखी तीव्र असतात. अमॉक्सिसिलिनच्या ड्रॉप्समध्ये दर एक मिलीत १०० मिग्रॅ असतं. कुणी ते सिरप समजून पाच मिली पाजलं तर एका दमात ५०० मिग्रॅ पोटात जातं.

मोठ्या माणसाची ६२५ची गोळी अर्धी करून मुलाला देणारी घरं मी बघितली आहेत. त्या गोळीत ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक असतं. मुलांच्या सिरपमध्ये हे प्रमाण सातास एक असतं, या गोळीत चारास एक. अमॉक्सिसिलिन जमवायला जावं तर क्लॅव्ह्युलॅनिक जास्त होतं आणि पोट बिघडतं. अर्धी गोळी म्हणजे लहान मुलाचं औषध नव्हे.

चिठ्ठीतली ताकद दुकानात नसेल तर "तेच आहे" या शब्दावर घेऊ नका. तिथूनच डॉक्टरांना फोन लावा आणि नवीन मिली चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि बाटल्या मोजा. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या ३० मिलीच्या असतात. पाच मिली दोन वेळा म्हणजे दिवसाला दहा मिली, बाटली तीन दिवसांची. पाच दिवसांना दोन बाटल्या लागतात, दहा दिवसांना चार. माझ्या जाऊबाईंनी त्यांच्या मुलाचं औषध तिसऱ्या दिवशी थांबवलं होतं, कारण बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं त्यांना वाटलं. चिठ्ठीवर दिवस लिहिलेले असतात, बाटल्या नाही.

६. पावडरीत पाणी घालणं

बाटलीत सुकी पावडर असते, पाणी आपण घालायचं. दुकानदार घालून देत असेल तर समोर घालून घ्या, नाहीतर घरी करा. घाई करू नका, दोन मिनिटांचं काम आहे.

आधी बंद बाटली तळहातावर आपटून पावडर सुटी करा, तळाला घट्ट बसलेली असते. काही बाटल्यांसोबत पाण्याची छोटी कुपी येते, ती असेल तर तीच वापरा. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी घ्या. गरम किंवा कोमट नको, दूध तर नकोच. लेबलवर किंवा काचेवर खूण असते, एखादी रेघ नाहीतर बाण. त्या खुणेच्या निम्म्यापर्यंत पाणी घाला, झाकण लावा, जोरात हलवा. फेस येईल. फेस बसेपर्यंत बाटली टेबलावर ठेवा. आता पातळी खुणेच्या खाली दिसेल. मग डोळ्यांच्या रेषेत धरून खुणेपर्यंत उरलेलं पाणी घाला आणि पुन्हा हलवा.

पहिल्या वेळी मी एकदम खुणेपर्यंत पाणी ओतलं होतं. फेस खाली बसल्यावर औषध खुणेच्या बोटभर खाली गेलं, आणि बाटली उलटी केल्यावर तळाला पावडरीचा ओला गठ्ठा तसाच चिकटलेला. असं झालं की सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे फार घट्ट.

लेबलवर पाणी घातल्याची तारीख लिहा. पाणी घातल्यानंतर बहुतेक बाटल्या सात दिवसच चालतात, तुमच्या बाटलीवर लिहिलंय ते पाळा. म्हणून चार बाटल्या आणल्या तरी एका वेळी एकच कालवायची.

७. फ्रिज, उन्हाळा आणि लाइट

क्लॅव्हवालं कालवलेलं सिरप फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, २ ते ८ अंशांत. दारात नको, आतल्या कप्प्यात, आणि फ्रीझरमध्ये तर नाहीच. साधं अमॉक्सिसिलिन २५ अंशांच्या आत टिकतं, पण आमच्या अकोल्याला मे महिन्यात घरात २५ अंश कुठून आणायचे? फ्रिज नसेल, किंवा लाइट तासन् तास जात असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा. अमॉक्सिसिलिनच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या कोरड्या राहतात, प्रत्येक वेळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून द्यायच्या. मापाची चूक होत नाही, बाटली बिघडायची भीती नाही. खेड्यातल्या घरासाठी मला तरी सिरपपेक्षा या गोळ्या कितीतरी सोयीच्या वाटतात.

८. पाजणं

प्रत्येक वेळी बाटली हलवा. औषध खाली बसतं.

घरातला चमचा वापरू नका. आमच्या घरातले तीन चमचे मी सिरिंजने मोजले. एकात साडेतीन मिली मावलं, एकात पाच, एकात जवळजवळ आठ. मेडिकलमध्ये सुईशिवाय सिरिंज पाचदहा रुपयांत मिळते. मापाचं झाकण वापरत असाल तर सपाट जागेवर ठेवून खुणेकडे समोरून बघा.

बाळाला मांडीवर थोडं उभं धरा. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं सोडत जा, प्रत्येक घोट गिळू द्या. घशात सरळ पिचकारी मारली तर ठसका लागतो. नाक दाबून पाजू नका. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध कालवू नका, बाळाने निम्मी बाटली सोडली तर किती गेलं ते कळणारच नाही. चव नको म्हणत असेल तर नंतर दोन घोट पाणी किंवा आवडीचं काही द्या.

साधं अमॉक्सिसिलिन जेवणाआधी-नंतर कधीही चालतं. क्लॅव्हवालं जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर पोट कमी बिघडतं. दिवसातून दोनदा असेल तर बारा-बारा तासांनी, तीनदा असेल तर आठ-आठ तासांच्या जवळपास. एखादा तास इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. ताप असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं पॅरासिटामॉल सोबत चालतं.

पहिला डोस शक्यतो घरी, बाळ जागं असताना द्या आणि तासभर लक्ष ठेवा. पण डॉक्टरांनी लगेच सुरू करा म्हटलं असेल तर सकाळची वाट बघू नका.

९. ओकलं, विसरलं, तर

अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकून टाकलं तर तोच डोस पुन्हा एकदा द्या. अर्धा तास उलटून गेला असेल तर पुन्हा देऊ नका, पुढच्या वेळेला द्या. प्रत्येक डोस ओकत असेल तर फोन करा.

विसरलात तर आठवल्याबरोबर द्या. पुढच्या डोसाची वेळ अगदी जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दुप्पट कधीच नाही. आमच्याकडे फ्रिजवर कागद चिकटवला आहे, डोस दिला की खूण. आई देते, बाबा देतात, सासूबाई देतात. खूण नसेल तर एकाच संध्याकाळी दोघांच्या हातून औषध जातं.

१०. जुलाब, पुरळ आणि खरी धोक्याची लक्षणं

पातळ शी होणं हा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास, क्लॅव्हवाल्या औषधाने जास्तच. घरात लगेच "अँटिबायोटिक गरम पडलं, बंद करा" सुरू होतं. बाळ खेळतंय, लघवी नीट होतेय, तर औषध बंद करण्याचं कारण नसतं. अंगावरचं दूध चालू ठेवा, ओआरएस द्या, भात-वरण, ताक, केळं द्या. जुलाब थांबवायचं मोठ्यांचं औषध मुलाला देऊ नका. शीमध्ये रक्त दिसलं, बाळ सुस्त झालं, सहा-आठ तास लघवीच नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जिभेवर पांढरा थर किंवा नॅपीच्या जागी लालसर पुरळ ही बुरशी असू शकते, ती दाखवून घ्या, सोपा इलाज आहे.

अंगावरचं पुरळ नीट बघायला शिका. औषध सुरू झाल्यावर पाच-सात दिवसांनी पोटावर-पाठीवर सपाट, बारीक लालसर ठिपके येतात, खाज फारशी नसते, बाळ हसतंखेळतं असतं. हे बऱ्याचदा ॲलर्जीचं नसतं, कधी मूळ विषाणूचंच असतं. फोटो काढा, तारीख लिहा, पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

डोस दिल्यावर काही मिनिटांत किंवा तासाभरात उठलेल्या, खाजणाऱ्या, जागा बदलणाऱ्या गांधी मात्र वेगळ्या. त्यासोबत ओठ-डोळे-जीभ सुजली, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, वारंवार उलट्या झाल्या किंवा बाळ पांढरंफटक आणि ढिलं पडलं, तर औषध बंद करा आणि १०८ला फोन लावा. पित्ताची गोळी देऊन वाट बघत बसू नका, तिथे वेळ जातो.

पेनिसिलिनची ॲलर्जी असा शिक्का एकदा फाइलवर पडला की तो जन्मभर पुसला जात नाही, आणि मग दरवेळी जास्त जहाल औषधं मिळतात. असा शिक्का असलेल्या लोकांची नीट तपासणी केली तर दहापैकी नऊ जणांना पेनिसिलिन सोसतं. म्हणून "त्याला काहीतरी झालं होतं" एवढ्यावर थांबू नका. कधी झालं, कितव्या डोसाला, कसं दिसत होतं, हे लिहून ठेवा.

११. आराम पडतोय का

पहिल्या डोसाने ताप उतरत नाही. ४८ ते ७२ तासांत फरक दिसायला हवा. दिसला नाही तर पुन्हा जा. घरच्या घरी डोस वाढवू नका, दुकानातून "जरा हेवी" मागू नका.

श्वासावर लक्ष ठेवा. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील तर तो जलद श्वास. छाती आत ओढली जात असेल, दूध ओढत नसेल, झटके आले, तर रात्र काढू नका. गावात आशाताईंना हे मोजता येतं. २०१९ साली सुरू झालेल्या केंद्राच्या 'सांस' मोहिमेत न्यूमोनियाच्या संशयित मुलाला पुढे पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस त्यांनी द्यायची सोय केलेली आहे. त्यांचा नंबर फोनमध्ये असू द्या.

बरं वाटलं म्हणून स्वतःहून थांबवू नका. विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूमुळे घसा आलेला असेल तर दहा दिवस पूर्ण करावे लागतात. ते अर्धवट सोडलं तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होण्याचा धोका राहतो.

१२. उरलेलं औषध आणि फाइल

उरलेलं सिरप पुढच्या तापासाठी किंवा धाकट्यासाठी ठेवू नका. चहाच्या चोथ्यात ओता, पिशवीला गाठ मारा, कचऱ्यात टाका. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, ते गोड असतं.

फाइलमध्ये एक ओळ लिहा: औषधाचं नाव, ताकद, मिली, सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख, त्रास झाला असेल तर तो. माझ्या मुलीचा कान तीन आठवड्यांनी पुन्हा दुखला तेव्हा डॉक्टरांनी पहिलं तेच विचारलं, कारण गेल्या महिन्याभरात अमॉक्सिसिलिन झालं असेल तर औषधाची निवड बदलू शकते. मी फाइल उघडून ती ओळ त्यांच्यासमोर ठेवली.